ल्युपसने घरी पाठवलेला जवान आणि मागून येणारे आजार



आपल्या वस्त्यांत माजी सैनिकांची घरे शोधावी लागत नाहीत. दारावरच्या पाटीवर नावाआधी 'हवालदार' किंवा 'नायक' लिहिलेले असते. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी गणवेशातला फोटो असतो. पूर्ण नोकरी करून आलेल्यांचे ठीक चालते. पेन्शन महिन्याच्या महिन्याला जमा होते, ईसीएचएसचे कार्ड असते, दवाखान्याची सोय असते. आमच्याकडे फाइल घेऊन येतात ती घरे मात्र वेगळी असतात. माणूस सात-आठ वर्षे नोकरी करतो, आजारी पडतो, मेडिकल बोर्ड बसते आणि तो 'बोर्ड आऊट' होऊन घरी येतो. हातात थोडी रक्कम आणि एक कागद. कागदावर लिहिलेले असते की या आजाराचा नोकरीशी संबंध नाही. घरचे ते वाचतात, फाइल पेटीत ठेवतात आणि विषय संपला असे समजतात.

या वेळी अशा आजारांपैकी ल्युपसबद्दल लिहीत आहोत. हा आजार एकटा येत नाही. आज सांधे धरतो, चार वर्षांनी किडनी, आठ वर्षांनी खुबा. सरकारी कागदावर मात्र पहिल्या दिवशी जे नाव लिहिले तेवढेच राहते, आणि मागून आलेल्या सगळ्या आजारांचा खर्च घरच्यांच्या माथी येतो. खरे तर त्या मागच्या आजारांसाठीही दाद मागता येते. ती कशी, हे समजण्यासाठी आधी आजार समजून घेऊ.

आपलेच शिपाई आपल्यावर

ल्युपसचे पूर्ण नाव सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस. फाइलमध्ये 'एसएलई' अशी तीन अक्षरे दिसतील. बाहेरून आलेल्या जंतूंशी लढण्यासाठी शरीरात जी यंत्रणा असते ती या आजारात आपल्याच पेशींवर उलटते. त्वचा, सांधे, रक्त, किडनी, फुप्फुसाचे आणि हृदयाचे आवरण, मेंदू, कुठेही सूज येऊ शकते. आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने होत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण गालांवरचे आणि नाकावरचे लाल चट्टे पाहून शेजारी भलताच संशय घेतात आणि माणसाला विहारात यायचीही चोरी होते.

दहा रुग्णांमध्ये साधारण नऊ बायका असतात, त्याही बहुतेक 15 ते 45 या वयातल्या. याचा एक उलटा परिणाम होतो. तरुण जवान ताप, सांधेदुखी, थकवा घेऊन आला तर ल्युपस चटकन कुणाच्या मनात येत नाही. मलेरियाची तपासणी होते, टायफॉइडचे औषध होते, कधी टीबीचा कोर्सही सुरू होतो. निदान होईपर्यंत आजार आत बराच पसरलेला असतो, आणि पुरुषांमध्ये तो तीव्र असण्याची शक्यता जास्त असते. आता सैन्यात मिलिटरी पोलिसांत आणि अग्निवीर म्हणून आपल्या मुलीही जात आहेत, नर्सिंग सेवेत तर पहिल्यापासून आहेत. त्यांच्या घरच्यांनीही ही लक्षणे ओळखून ठेवावीत: उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर येणारे चट्टे, तोंडात न दुखणारे फोड, सकाळी आखडणारी बोटे, मूठभर गळणारे केस, कारण न सापडणारा ताप, पायावर किंवा डोळ्यांखाली सूज, फेसाळ लघवी.

रक्ताची पहिली तपासणी एएनए. ती निरोगी माणसातही कधी कधी 'पॉझिटिव्ह' येते, म्हणून एवढ्यावर घाबरू नये. पुढे अँटी-डीएसडीएनए, सी3, सी4 आणि लघवीतली प्रथिने पाहून डॉक्टर निदान पक्के करतात.

आता कारणांकडे येऊ, कारण दाव्याचा गुंता इथेच आहे. ल्युपस होण्याकडे शरीराचा कल जन्मजात असू शकतो, हे वैद्यकशास्त्र सांगते. तेच शास्त्र हेही सांगते की तो कल पेटवायला आणि भडकवायला बाहेरची ठिणगी लागते. उन्हातले अतिनील किरण, जंतुसंसर्ग, धूम्रपान, काही औषधे या त्या ठिणग्या. दर हजार मीटर चढले की अतिनील किरण दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातले 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणजे उंचावरच्या बर्फात ठाण्यावर उभ्या असलेल्या जवानाच्या चेहऱ्यावर ते वरूनही पडतात आणि खालूनही. राजस्थानच्या वाळूत उन्हाळा काढलेल्याची गोष्ट फार वेगळी नाही. बोर्डाच्या कागदावर 'कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर', म्हणजे मूळ प्रकृतीतलाच दोष, असे लिहिले की या ठिणग्यांचा हिशेब कुणी करत नाही.

मागून येणारे आजार

यात सगळ्यात आधी पाहायची ती किडनी. ल्युपसच्या जवळपास निम्म्या रुग्णांना कधी ना कधी किडनीची सूज येते. सुरुवातीला काही दुखत नाही. लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, रक्तदाब चढतो, पाय सुजतात. याच टप्प्यावर औषध जोरात केले तर किडनी वाचते. उशीर झाला तर डायलिसिस. म्हणून ल्युपसच्या प्रत्येक रुग्णाने, बरे वाटत असले तरी, दर काही महिन्यांनी लघवीची साधी तपासणी आणि रक्तदाब मोजणे सोडू नये. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते, तिला मोठा खर्च नाही. आम्ही वॉर्डात असताना पाहिलेले बहुतेक ल्युपसचे डायलिसिसचे पेशंट हेच सांगायचे, की मध्ये दीड-दोन वर्षे काही त्रास नव्हता म्हणून गेलो नाही.

दुसरे म्हणजे रक्ताच्या गुठळ्या. काही रुग्णांच्या रक्तात अशी द्रव्ये तयार होतात की रक्त लवकर गोठते. पायाची शीर बंद होते, कधी तरुणपणीच अर्धांगवायूचा झटका येतो. रक्तवाहिन्याही लवकर कडक होतात, त्यामुळे हृदयविकाराचे वय अलीकडे येते. मेंदूवर सूज आली तर फिट्स येतात, भ्रम होतो. उदासी तर इतकी सर्रास असते की घरचे तिला आजाराचा भाग मानतच नाहीत, 'आळशी झाला' म्हणतात.

तिसरा गट औषधांमुळे येणारा. याकडे आम्हाला विशेष लक्ष वेधायचे आहे. ल्युपस आटोक्यात आणायला अनेकदा स्टिरॉइड द्यावे लागते. पण मोठ्या मात्रेत आणि दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडमुळे खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड आतून मरते. याला फाइलमध्ये 'एव्हीएन' लिहितात. पस्तिशीतला माणूस काठी घेऊन चालू लागतो. स्टिरॉइडमुळेच साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, आणि प्रतिकारशक्ती दाबली गेल्यामुळे टीबीसारखे संसर्ग गाठतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे ल्युपसचे पायाभूत औषध चांगले आहे, ते चालू ठेवावेच. फक्त ते डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम करू शकते, म्हणून सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासावेत. सायक्लोफॉस्फमाइड घेतलेल्यांना मूल होण्यात अडचण येऊ शकते, मूत्राशयाचा त्रास होऊ शकतो.

एवढे वाचून कुणी स्टिरॉइड बंद करू नका. अचानक बंद केल्यास जीव जाऊ शकतो. कमी करायचे ते डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे, पायरीपायरीने.

कागदावरच्या दोन प्रश्नांचा खेळ

सैन्यातून माणूस बाहेर पडताना मेडिकल बोर्ड एक फॉर्म भरते. एएफएमएसएफ-16 हा त्याचा क्रमांक. त्यात प्रत्येक आजारापुढे दोन प्रश्न असतात: हा आजार सेवेमुळे झाला का? सेवेमुळे वाढला का? यातल्या एकाचे उत्तर 'हो' आणि अपंगत्व 20 टक्के किंवा जास्त असेल तर अपंगत्व पेन्शन मिळते. दोन्हींचे उत्तर 'नाही' असेल तर नाही. हे 'नाही, नाही' कागदावर 'एनएएनए' असे लिहिलेले असते. पेटीतली फाइल काढून आधी ही चार अक्षरे शोधा.

लोक पहिल्याच प्रश्नावर अडकतात. 'ल्युपस काय सैन्यामुळे होतो का?' असे माजी सैनिक स्वतःच आम्हाला विचारतात. दुसरा प्रश्न पाहा. आजाराचा कल आधीचा असेल, पण उंचावरची ड्यूटी, ऊन, संसर्ग, उशिरा झालेले निदान यांमुळे तो भडकला, हे दाखवता आले तर तेवढेही पुरते. म्हणून कोणत्या साली कुठे पोस्टिंग होते, ते फील्ड होते की पीस, पहिले लक्षण कोणत्या ठाण्यावर दिसले, एमआय रूममध्ये कधी गेलो, हे सगळे एका वहीत लिहून काढावे. माणूस हयात आहे, शुद्धीत आहे, तोवरच हे लिहून होते. विधवेला नंतर यातले काही आठवून सांगता येत नाही.

आता मागून येणाऱ्या आजारांचे. फॉर्ममध्ये प्रत्येक आजाराची स्वतंत्र ओळ असते, स्वतंत्र टक्केवारी असते, मग सगळ्यांची मिळून एक एकत्रित टक्केवारी ठरते. ही साधी बेरीज नसते. ल्युपस 40 आणि खुबा 30 म्हणजे 70 होतीलच असे नाही. पण ओळच नसेल तर काहीच मिळत नाही. होते असे, की ल्युपसची ओळ असते, किडनीची नसते, कारण तेव्हा किडनीला काही झालेले नव्हते. किंवा खुब्याची ओळ असते, पण तिच्यापुढे 'सेवेशी संबंध नाही' लिहिलेले असते, जणू तो खुबा वेगळ्याच माणसाचा आहे. ज्या स्टिरॉइडने खुबा गेला ते लष्करी इस्पितळानेच दिलेले असते!

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी याचा स्वतंत्र नियमच आहे. सेवेशी जोडलेला म्हणून मान्य झालेल्या आजारामुळे दुसरा आजार झाला किंवा वाढला, तर तो दुसराही सेवेशी जोडलेला धरतात. ल्युपस तर तिथे दीर्घकालीन आजारांच्या यादीत नावानिशी आहे. सेवा संपल्यापासून वर्षभरात ठरावीक तीव्रतेने दिसला, तर तो सेवेतला मानून चालतात. तिथलेही माजी सैनिक दावे फेटाळले जातात म्हणून भांडतातच, पण मुळापासून फांदीपर्यंतची साखळी नियमात लिहिलेली आहे. आपल्याकडे ही साखळी डॉक्टरच्या कागदातून आपल्यालाच बांधून द्यावी लागते. मूळ आजार मान्य, त्यातून किंवा त्याच्या औषधातून दुसरा आजार, आणि त्या दुसऱ्याला कारणीभूत दुसरे काही सापडत नाही, असे तीन दुवे.

आमच्या माहितीतल्या एका घरात असेच झाले. ल्युपसने बोर्ड आऊट झालेला माणूस, काही वर्षांनी दोन्ही खुबे गेले, खासगी दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. डिस्चार्ज कार्डावर फक्त 'दोन्ही बाजूंचा एव्हीएन' एवढेच. आम्ही त्या डॉक्टरांना जाऊन विनंती केली की खरे आहे तेच, पण पूर्ण लिहा. त्यांनी लेटरहेडवर लिहून दिले: रुग्णाला अमुक सालापासून ल्युपस आहे, त्यासाठी तो अमुक मात्रेत स्टिरॉइड घेत आहे, दारूचे व्यसन किंवा खुब्याला पूर्वीची इजा नाही, खुब्याचा हा आजार स्टिरॉइडमुळे झाला असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. दारूचा उल्लेख मुद्दाम, कारण दारूनेही एव्हीएन होतो आणि पहिला आक्षेप तोच येतो. चार ओळींचा कागद आहे. प्रकरण अजून चालू आहे, पण या कागदाशिवाय ते उभेच राहिले नसते. किडनीच्या डॉक्टरांकडूनही असेच लिहून घ्यावे. बायोप्सी झाली असेल तर तिचा अहवाल सोन्यासारखा जपावा, कारण किडनी ल्युपसने गेली की साखरेने, हे त्यावरून कळते.

एकदा ठरलेली टक्केवारी आयुष्यभर तीच राहते, असे पुष्कळांना वाटते. ते अर्धे खरे आहे. 2001 सालच्या आदेशाने दर काही वर्षांनी होणारी फेरतपासणी बंद झाली आणि कायमस्वरूपी अपंगत्वाचा निर्णय आयुष्यभरासाठी ठरला. पण त्यातच एक वाक्य आहे: माजी सैनिकाने स्वतः फेरतपासणी मागितली नाही तर. म्हणजे मागता येते. आजार वाढला, नवा अवयव धरला, तर रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करून पुन्हा बोर्ड मागावे. ज्यांना बाहेर पडताना आजारच नव्हता आणि नंतर ल्युपस निघाला, त्यांच्यासाठीही वाट पूर्ण बंद नाही. सेवेतल्या परिस्थितीने आत सुरू झालेली प्रक्रिया उशिरा बाहेर दिसली, असे सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याने मान्य केले, तर ठरावीक वर्षांच्या आतले आजार विचारात घेण्याची तरतूद नियमांत राहिली आहे.

कोर्टाने काय म्हटले

धरमवीर सिंह हे सिग्नल्समधले जवान 1985 साली भरती झाले आणि 1994 साली फिट्स येतात म्हणून 20 टक्के अपंगत्वावर बोर्ड आऊट झाले. बोर्डाने लिहिले: प्रकृतीतलाच दोष, सेवेशी संबंध नाही. 2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. 1982 च्या नियमांचा अर्थ न्यायालयाने उलगडून सांगितला. भरतीच्या वेळी तपासून घेतलेला, कागदावर कोणताही आजार न नोंदलेला माणूस निरोगी होता असे गृहीत धरायचे. पुढे झालेला आजार भरतीच्या वेळी ओळखता येण्यासारखा नव्हता असे बोर्डाला म्हणायचे असेल, तर त्याची कारणे बोर्डाने लिहायची. सिद्ध करण्याचे ओझे जवानावर नाही, आणि शंकेचा फायदा त्याला द्यायचा. फील्डवर असलेल्याला तर अधिक सढळपणे द्यायचा, असे त्या नियमांतच आहे.

2014 साली सुखविंदर सिंह प्रकरणात न्यायालयाने म्हटले की आजारपणासाठी ज्याला घरी पाठवले, त्याचे अपंगत्व 20 टक्क्यांहून जास्त होते असेच धरावे लागेल. नाहीतर घरी पाठवलेच कशाला? त्याच वर्षी डिसेंबरात राम अवतार प्रकरणात टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याचा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही दिला. 50 च्या खाली असेल तर 50, 50 ते 75 असेल तर 75, त्यापुढे 100 असे ते टप्पे. सध्याच्या पद्धतीत 100 टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या 30 टक्के इतका अपंगत्वाचा भाग मिळतो. पगार 30,000 धरला तर 30 टक्के अपंगत्वाला 2,700 होतात, तेच 50 धरले की 4,500. वर महागाई भत्ता, आणि सेवेचा भाग वेगळा. बोर्ड आऊट झालेल्याला सेवेच्या भागासाठी किमान वर्षांची अट राहत नाही. आणि पेन्शनर झाला की ईसीएचएसचा दरवाजा उघडतो. डायलिसिसवरच्या घराला पेन्शनच्या रकमेपेक्षा हे मोठे आहे.

सगळेच जिंकतात असे मात्र सांगणार नाही. 2019 साली नरसिंह यादव प्रकरणात मानसिक आजाराबाबत न्यायालयाने बोर्डाचेच मत मानले. शिवाय नियम बदलत गेले आहेत. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे हक्क-नियम आणि डॉक्टरांसाठी नवी मार्गदर्शिका लागू आहे, त्यामुळे त्यानंतर बाहेर पडलेल्यांनी जुन्या निकालांवर डोळे मिटून विसंबू नये. कोणत्या तारखेला बाहेर पडलात त्यावर कोणता नियम ते ठरते. वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा. जो तारीख न विचारताच 'करून देतो' म्हणतो आणि मिळणाऱ्या रकमेतला हिस्सा मागतो, त्याच्याकडे जाऊ नका.

अग्निवीरांच्या घरांसाठी एक सूचना. त्यांना पेन्शन नाही. सेवेमुळे झालेल्या किंवा वाढलेल्या अपंगत्वाला 100 टक्के असल्यास 44 लाख, 75 ला 25 लाख आणि 50 ला 15 लाख अशी एकरकमी मदत आहे. म्हणजे 'सेवेमुळे' हा शब्द कागदावर आला की नाही यावरच त्या मुलाचे किंवा मुलीचे पुढचे आयुष्य ठरते. चार वर्षांत ताप-सांधेदुखी झाली तर अंगावर काढू नका, एमआय रूममध्ये नोंद करा, असे त्यांना फोनवर आत्ताच सांगा. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांना हे लष्करी नियम लागू होत नाहीत. त्यांचे असाधारण निवृत्तिवेतनाचे नियम वेगळे आहेत आणि दाद उच्च न्यायालयात मागावी लागते.

अर्ज कुठे

नकाराचे पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करावे, तेही फेटाळले तर सहा महिन्यांत दुसरे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. आपल्यासाठी त्याचे मुंबई पीठ आहे, महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात त्याच्याकडे येतात. मुदत गेली असेल तरी उशिराचे कारण देऊन अर्ज करता येतो, पण 2008 च्या तरसेम सिंह निकालानुसार थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळते. वीस वर्षे फाइल पेटीत ठेवली तर सतरा वर्षांचे पैसे गेले.

मेडिकल बोर्डाचा कागद घरात नसेल तर माहितीच्या अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडून त्याची प्रत मागवा. महार रेजिमेंटचे ऑफिस मध्य प्रदेशात सागरला आहे, बाकीच्यांनी आपापल्या डिस्चार्ज बुकवर पाहावे. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जातीच्या माणसाला, कोणत्याही स्त्रीला आणि अपंग व्यक्तीला तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्ध अनुसूचित जातीतच गणले जातात, तेव्हा दाखला सोबत न्या. आणि 'मी तर बौद्ध, मला मिळत नाही' असे कुणी खिडकीवर सांगितले तर ऐकून परत येऊ नका.

अर्ज करण्यात कमीपणा वाटतो, असे काही ज्येष्ठ सैनिक म्हणतात. त्यांना आम्ही गोपाळबाबा वलंगकरांची आठवण देतो. ते स्वतः लष्करातले पेन्शनर. महारांची भरती इंग्रजांनी बंद केली तेव्हा 1894 साली त्यांनीच लष्कराकडे विनंती अर्ज केला. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्याकडे केला. सुभेदार रामजींच्या मुलाने पुढे काय केले ते आपल्याला ठाऊकच आहे. महार रेजिमेंट 1941 साली उभी राहिली ती अशा अर्जांच्या चळतीवर.

तोवर घरी काय करायचे ते थोडक्यात. रुग्णाने अकरा ते चार उन्हात जाऊ नये, गेलाच तर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद कडेची टोपी. विडी-सिगारेट बंद. रक्तदाबाची वही ठेवा. ताप आला तर चोवीस तासांच्या वर वाट पाहू नका, स्टिरॉइड चालू असेल तर अजिबातच नाही. गर्भधारणा ठरवून, आजार किमान सहा महिने शांत असताना, डॉक्टरांना आधी सांगून. डायलिसिस लागले आणि ईसीएचएस नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते होते, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. ल्युपस हा शब्द 2016 च्या अपंग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांच्या यादीत नाही, पण खुबा गेलेल्याला चालण्याच्या आणि नजर गेलेल्याला दृष्टीच्या अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयात मिळू शकतो. तो दाखला आणि लष्करी टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढा. मूळ प्रत कुणालाही, आम्हालासुद्धा, देऊ नका. ल्युपसच्या रिपोर्टची थर्मल कागदावरची छपाई दोन वर्षांत उडून जाते, म्हणून ती आली त्याच दिवशी झेरॉक्स करून वर तारीख घालून ठेवा.